मोतीबिंदूसाठी डोळा बाहेर काढतात?

पंचवटीतल्या कट्ट्यावर बसा की सिडकोतल्या भाजीबाजारात उभे राहा, हे कानावर येतंच: मोतीबिंदूच्या ऑपरेशनात डोळा बाहेर काढतात, धुतात आणि परत बसवतात. साफ चुकीचं.

डोळा खोबणीत सुटा ठेवलेला नसतो. त्याला हलवणारे सहा स्नायू चिकटलेले असतात. मागून दृष्टीची नस मेंदूकडे जाते, तिच्यात सुमारे 10 लाख तंतू असतात. ती तुटली तर आजच्या घडीला कुणी सर्जन जोडून पुन्हा नजर आणू शकत नाही. मग काढून बसवणार काय?

खरं काम एवढंच: 2-3 मिलीमीटरचा छेद, बाहुलीमागचं गढूळ झालेलं भिंग फोडून ओढून घेणं, तिथे कृत्रिम भिंग बसवणं.

मग ऑपरेशन झालेल्या आजी हे ठामपणे का सांगतात? डोळ्यामागे भुलीचं इंजेक्शन दिलं की हे स्नायू आणि नजरेची नस दोन्ही काही वेळ सुस्तावतात. डोळा हलत नाही, अंधुक दिसतं किंवा काहीच दिसत नाही. डोळा जागेवर नाही, असं वाटणं साहजिक आहे. हल्ली बऱ्याचदा इंजेक्शनाऐवजी नुसत्या भुलीच्या थेंबांवर भागतं.