सायकल मार्गिका आणि सार्वजनिक वाहतूक

सायकल मार्गिका म्हणजे शहरातील रस्त्याचा फक्त सायकलींसाठी राखलेला पट्टा. तो कधी नुसत्या रंगाने आखलेला असतो, तर कधी कठडा, उंचवटा किंवा झाडांच्या रांगेने मोटारींपासून वेगळा काढलेला असतो. अशा मार्गिका रेल्वे, मेट्रो, ट्राम वा बसच्या थांब्यांना जोडल्या की घरापासून स्थानकापर्यंत सायकल आणि पुढचा लांबचा टप्पा गाडीने, असा जोडप्रवास शक्य होतो.

या जोडणीमागे साधे गणित आहे. माणूस ताशी सुमारे ५ किमी चालतो, तर सायकल फार जोर न लावता ताशी १५ किमी जाते. दहा मिनिटांत चालणारा ८०० मीटरच्या थोडा पुढे पोहोचतो, सायकलवाला अडीच किमी गाठतो. अंतर तिप्पट झाले की स्थानकाभोवतीच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ नऊपट होते. एकही नवे स्थानक न बांधता कितीतरी जास्त घरे त्याच फलाटाच्या आवाक्यात येतात. अर्थात हे वर्तुळ कागदावरचे. नदी, रेल्वेरूळ आणि मोठे महामार्ग त्याचे लचके तोडतात. म्हणून एखादा छोटा पूल किंवा भुयारी मार्ग कित्येक किलोमीटर रंगवलेल्या पट्ट्यापेक्षा जास्त कामाचा ठरतो.

नेदरलँड्समध्ये ही व्यवस्था सर्वाधिक मुरलेली आहे. उट्रेख्ट मध्यवर्ती स्थानकाखालचा तीन मजली सायकलतळ २०१९ मध्ये पूर्ण झाला. त्यात १२,५०० सायकली मावतात. रस्त्यावरची मार्गिका थेट आत शिरते. प्रवासी सायकलवरूनच रांगांपर्यंत येतो, रिकाम्या जागा दाखवणारा फलक पाहून सायकल लावतो आणि जिन्याने फलाटाकडे जातो. पहिले २४ तास पैसे पडत नाहीत. या रचनेत मार्गिका स्थानकाच्या दाराशी संपत नाही. नवी मार्गिका पाहताना तिची एकूण लांबी विचारण्याआधी स्थानकाजवळचे शेवटचे शंभर मीटर पाहावेत, कारण बहुतेक योजना तिथेच तुटतात : पट्टा अचानक संपतो आणि पुढे रिक्षा, बस व पादचारी यांच्या गर्दीतून सायकल हाताने ढकलत न्यावी लागते.

प्रवासाची दोन टोके सारखी नसतात. घराकडच्या टोकाला स्वतःची सायकल असते, उतरण्याच्या टोकाला नसते. डच रेल्वेची ‘ओव्ही-फीट्स’ ही भाड्याची सायकल हीच उणीव भरून काढते. प्रवासाच्या कार्डावर ती मिळते आणि सहसा घेतली त्याच स्थानकावर परत करायची असते. प्रवासी परतीच्या गाडीसाठी तिथेच येणार असल्याने ही अट जाचक वाटत नाही. पॅरिसमध्ये २००७ साली सुरू झालेल्या ‘व्हेलिब’ची पद्धत वेगळी : एका तळावरून घ्यावी, दुसऱ्यावर सोडावी. त्यासाठी तळांचे जाळे दाट असावे लागते आणि रिकाम्या पडलेल्या तळांवर सायकली सतत नेऊन ठेवाव्या लागतात.

बसथांब्याशी मार्गिकेचा संबंध नाजूक असतो. बस कडेला येते तेव्हा ती सायकलींचा पट्टा अडवते. यावर उपाय म्हणून मार्गिका थांब्याच्या मागून वळवतात आणि थांबा बेटासारखा मधे राहतो. सायकलस्वाराचा जीव वाचतो, पण उतरणाऱ्या प्रवाशाला आता मार्गिका ओलांडावी लागते. अंध व्यक्तीला सायकलीची चाहूल लागत नाही; त्यामुळे तिथे पदपथाच्या पातळीवर उंचावलेली ओलांडणी आणि पायाला जाणवणाऱ्या फरशा हव्यातच. ट्रामच्या रुळांचा धोका वेगळा. खाचेत पुढचे चाक अडकले की सायकलस्वार क्षणात खाली येतो, म्हणून मार्गिका रुळांना शक्य तितक्या काटकोनात नेतात. स्थानकाच्या जिन्याकडेला चाक ढकलण्यासाठी पन्हळ केलेली असते. ती कठड्याला फार चिकटून असली तर पेडल घासते आणि माणूस सायकल खांद्यावर घेतो.

सायकल गाडीत नेऊ द्यावी का, याची उत्तरे वेगवेगळी आहेत. कोपनहेगनच्या उपनगरी एस-गाड्यांत २०१० पासून सायकल मोफत नेता येते आणि त्यासाठी डब्यांत मोकळी जागा ठेवली आहे. अमेरिकेतील अनेक शहरांत बसच्या पुढच्या बाजूला दोन-तीन सायकलींची घडी होणारी चौकट असते. पण गर्दीच्या वेळी एक सायकल कित्येक उभ्या प्रवाशांची जागा खाते, तेव्हा स्थानकावरच सुरक्षित तळ देणे जास्त परवडते. बोगोटाच्या ‘ट्रान्समिलेनिओ’ जलद बससेवेने मोठ्या टर्मिनसवर असे विनाशुल्क तळ दिले आहेत.

मार्गिका सार्वजनिक वाहतुकीचा भारही हलका करते. २०२० मध्ये महासाथीच्या काळात पॅरिसने मेट्रोच्या १, ४ आणि १३ क्रमांकांच्या गजबजलेल्या मार्गांना समांतर तात्पुरत्या मार्गिका आखल्या, म्हणजे गर्दी टाळू पाहणाऱ्यांना त्याच दिशेने सायकलने जाता यावे. त्यांतील अनेक पुढे कायमच्या झाल्या.