लूप अडकला तर थांबवायचा कोणी? छोट्या इंटरप्रिटरच्या वादाची पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीन शॉपवाल्यांना कंट्रोलर जोडून देणाऱ्यांपुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. गिऱ्हाइकाला सेटिंग स्वतः बदलायचं असतं, म्हणून बोर्डावर एक छोटा बाइटकोड इंटरप्रिटर ठेवायचा, म्हणजे गिऱ्हाइकाने लिहिलेली स्क्रिप्ट बारीक सूचनांमध्ये मोडून एकेक सूचना चालवणारा प्रोग्राम. मग कोणीतरी लूपमध्ये, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या ओळींमध्ये, ‘रीडिंग शून्य असेल तर पुढच्या फेरीला जा’ असं लिहितो, मोजणी वाढवायची ओळ त्याच्या खाली राहते, आणि पहिलं शून्य आलं की स्क्रिप्ट तिथेच गरगरत बसते.

कुठलाही प्रोग्राम न चालवता तो थांबेल की नाही हे हमखास सांगणारी रीत असू शकत नाही, हे १९३६ सालीच सिद्ध झालं. पीएलसीत, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये, वॉचडॉग आला, म्हणजे काम वेळेत संपलं नाही तर मध्ये पडणारा टायमर; पण तो अख्खं सीपीयूच थांबवतो. एका स्क्रिप्टपायी भट्टीचं नियंत्रण बंद पडणं कोणाला परवडणार?

दुसरी वाट म्हणजे लूपच नको. १९९०च्या दशकातल्या पॅकेट फिल्टरमध्ये, म्हणजे नेटवर्कवरचा डेटा चाळणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, उडी फक्त पुढेच मारता येई, त्यामुळे लूप होतच नसे. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, २०१४ साली आलेल्या ईबीपीएफ या त्याच्या नव्या रूपातही लूपना बंदीच होती, वर ४०९६ सूचनांची मर्यादा. २०१९ मध्ये ठरावीक फेऱ्यांच्या लूपना परवानगी द्यावी लागली. माणसाला लूप लागतोच.

खरी खडाजंगी आहे ती घड्याळ की मोजणी यावर: स्क्रिप्ट ठरावीक वेळ झाल्यावर थांबवायची, की ठरावीक सूचना चालवून झाल्यावर? पायथन या प्रोग्रामिंग भाषेने ३.२ आवृत्तीत दर १०० सूचनांचा हिशेब सोडून ५ मिलिसेकंद धरले, असा दाखला घड्याळवाले देतात. तो इथे लागू नाही; तिथे थ्रेडांना, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये सोबत चालणाऱ्या कामांना, आळीपाळीने संधी द्यायची होती, कोणाला थांबवायचं नव्हतं. घड्याळ लावलं की तीच स्क्रिप्ट रिकाम्या बोर्डावर पास आणि गर्दीच्या वेळी नापास. असला बिघाड शोधायला बसा मग रात्रभर! सूचना मोजल्या तर ती दरवेळी त्याच ठिकाणी थांबते. प्रत्येक सूचना मोजायचीही गरज नसते: मागे जाणारी उडी आणि फंक्शन कॉल एवढ्याच जागी मर्यादेचा काउंटर एकेकाने कमी केला आणि शून्यावर आला की थांबवलं तरी भागतं, कारण त्यांच्याशिवाय कोड कधीतरी संपतोच.

मोजणीलाही खोट आहे. सगळ्या सूचना सारख्या महाग नसतात. प्रत्येक सूचनेमागे ‘गॅस’ नावाचं शुल्क मोजणाऱ्या इथेरियम ब्लॉकचेनला हे २०१६ मध्ये चांगलंच भोवलं: दुसऱ्या खात्याच्या कोडचा आकार विचारणारी सूचना अवघ्या २० गॅसला होती, हल्लेखोरांनी तिचाच मारा केला, आणि दर ७०० वर न्यावा लागला. आपल्याकडे तीच गत सॉर्टसारख्या (यादी क्रमाने लावणाऱ्या) नेटिव्ह फंक्शनची, म्हणजे स्क्रिप्टमध्ये नाही तर इंटरप्रिटरमध्येच लिहिलेल्या फंक्शनची. मोठी यादी दिली की इंटरप्रिटर एकच सूचना मोजतो आणि आत हजारो तुलना होतात. म्हणून अशा फंक्शनने यादीच्या लांबीप्रमाणे काउंटर स्वतः घटवावा.

मर्यादा संपल्यावर साधा एरर फेकणं ही आणखी एक पळवाट. स्क्रिप्टच्या लूपमध्येच एरर पकडणारा ब्लॉक असला, तर ती तो गिळते आणि पुढच्या फेरीला लागते. हा एरर स्क्रिप्टला पकडताच येता कामा नये. तो थेट इंटरप्रिटर चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामकडे जायला हवा.