सूट आणि सोय : अमेरिकेच्या गर्भनिरोधक-विम्यातल्या दोन वेगळ्या गोष्टी

अमेरिकेत कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्यात गर्भनिरोधकं असलीच पाहिजेत असा नियम झाला, तेव्हापासून एक वाद धुमसतो आहे. ज्या मालकाच्या धर्माला गर्भनिरोधन पाप वाटतं, त्याचं काय करायचं? या वादावर बोलताना दोन गोष्टींची हटकून गल्लत होते. एक 'एक्झेम्प्शन' आणि दुसरी 'अ‍ॅकॉमोडेशन'. आपण त्यांना सूट आणि सोय म्हणू. दोन्हींत मालकाला गर्भनिरोधकांसाठी पदरचा डॉलर मोजावा लागत नाही, म्हणून लांबून त्या सारख्याच दिसतात. फरक कळतो तो त्या मालकाकडे नोकरी करणाऱ्या बाईला. सोय असेल तर तिला गोळ्या, इंजेक्शन, तांबी फुकट मिळते. सूट असेल तर मिळत नाही. एवढा एक फरक पक्का ध्यानात ठेवला की सुप्रीम कोर्टाचे गाजलेले निकाल सरळ वाचता येतात.

मुळात नियम आला कुठून ते आधी पाहू. २३ मार्च २०१० रोजी बराक ओबामांनी अ‍ॅफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट या आरोग्य विम्याच्या कायद्यावर सही केली. त्यात सिनेटर बार्बरा मिकुल्स्की यांच्या दुरुस्तीमुळे स्त्रियांच्या प्रतिबंधक आरोग्यसेवांचं कलम आलं. या सेवा को-पे, म्हणजे पेशंटच्या खिशातला वाटा, न घेता द्यायच्या, पण नेमक्या कोणत्या, हे कलमात लिहिलेलं नाही. तिथे गर्भनिरोधकांचा उल्लेखही नाही. यादी करायचं काम आरोग्य खात्याच्या एका विभागावर सोपवलं होतं. त्याने ऑगस्ट २०११मध्ये यादी काढली आणि एफडीए या औषध-नियंत्रक सरकारी संस्थेने मान्यता दिलेल्या स्त्रियांच्या सगळ्या गर्भनिरोधन पद्धती तीत घातल्या. पुढच्या सगळ्या रणकंदनाचं मूळ इथे आहे. जे कायद्यात नसून खात्याच्या नियमात असतं, ते सरकार बदललं की बदलतं.

भारतात हा प्रश्न या रूपात उभाच राहत नाही. आपल्या खाजगी आरोग्य विम्याच्या पॉलिसीत न मिळणाऱ्या गोष्टींची जी ठरावीक यादी असते, तिच्यातलं सतरावं कलम काढून बघा. वंध्यत्वाच्या उपचारांबरोबर 'कोणत्याही प्रकारचं गर्भनिरोधन' आणि नसबंदी तिथे सरसकट वगळलेली सापडेल. आपली भिस्त सरकारी दवाखान्यावर आहे. निरोध, माला-एन, तांबी, 'अंतरा' इंजेक्शन तिथे मोफत मिळतं. अमेरिकेत मात्र कामकरी वयाच्या बहुतेक लोकांचा विमा नोकरीतून येतो, आणि त्यामुळे मालकाची श्रद्धा थेट नोकरदार बाईच्या औषधाच्या पुडीपर्यंत पोचते.

सूट पहिल्यापासून होती, पण अगदी अरुंद. चर्च, सिनेगॉग, मशीद, मंदिर अशा प्रत्यक्ष उपासनेच्या संस्थांना ती होती. सुरुवातीच्या नियमात अटीही कडक होत्या. धर्माची शिकवण देणं हाच संस्थेचा हेतू हवा, नोकर मुख्यतः स्वधर्मीय हवेत आणि ज्यांची सेवा करायची तेही मुख्यतः स्वधर्मीयच हवेत. यामागचा विचार मला पटण्यासारखा वाटतो. चर्चच्या कचेरीत काम करणारी बाई बहुधा त्याच श्रद्धेची असते, निदान तिथलं वातावरण तिला माहीत असतं. सूट म्हणजे या बाबतीत नियम त्या संस्थेला लागूच नाही. फॉर्म नाही, पत्र नाही, दुसरं कोणी तिच्या जागी पैसे भरत नाही.

पण कॅथलिक रुग्णालयं, विद्यापीठं, अनाथालयं या चौकटीत बसेनात. तिथे नर्स बॅप्टिस्ट असते, डॉक्टर हिंदू असतो, पेशंट कोणीही असतो. जानेवारी २०१२मध्ये आरोग्यमंत्री कॅथलीन सिबेलियस यांनी या संस्थांना तयारीसाठी फक्त एक वर्ष वाढवून दिलं, तेव्हा बिशप मंडळी खवळली. १० फेब्रुवारीला ओबामांना स्वतः पुढे येऊन तोडगा जाहीर करावा लागला. तो तोडगा म्हणजे सोय. तिचे पक्के नियम जुलै २०१३मध्ये आले.

सोयीचं यंत्र कसं चालतं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे, कारण भांडण नेमकं त्यातल्या एका कागदावरून झालं. त्या कागदाचं नाव फॉर्म ७००. संस्थेचं नाव, अधिकाऱ्याचं नाव, पत्ता, आणि काही किंवा सर्व गर्भनिरोधक सेवांना आमचा धार्मिक कारणाने विरोध आहे असं प्रमाणपत्र. खाली सही. हा कागद विमा कंपनीला द्यायचा. तो मिळाला की कंपनीने त्या मालकाच्या पॉलिसीतून गर्भनिरोधकं काढून टाकायची, आणि त्याच बायकांना ती स्वतःच्या पैशातून, वेगळ्या हिशेबाने, मोफत पुरवायची. मालकाच्या हप्त्यात याचा एक पैसाही धरायचा नाही. कंपनीला यात खोट नाही असं सरकारचं गणित होतं, कारण नको असलेली बाळंतपणं टळली की कंपनीचाच खर्च वाचतो.

मोठे मालक मात्र बऱ्याचदा विमा विकतच घेत नाहीत. कर्मचाऱ्यांची बिलं ते स्वतःच्या पैशातून भागवतात आणि कागदोपत्री काम बघायला एक कंपनी नेमतात. याला सेल्फ-फंडेड प्लॅन म्हणतात. तिथे गर्भनिरोधकांचा खर्च या नेमलेल्या कंपनीवर टाकला, आणि सरकारी विमा-बाजारात विमा कंपन्यांना जी फी भरावी लागते तिच्यात सवलत देऊन तो भरून काढला. वळसा लांबचा आहे, पण शेवटी बाईला तांबी मिळते आणि मालकाचे हात मोकळे राहतात. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सरकारने केलेलं हे सगळ्यात शहाणपणाचं काम होतं.

आता हॉबी लॉबीचा खटला घ्या. ओक्लाहोमा सिटीच्या ग्रीन कुटुंबाची ही हस्तकलेच्या सामानाची दुकानं, तेव्हा सुमारे ५०० शाखा आणि १३,००० हून जास्त कर्मचारी. एफडीएने मान्य केलेल्या २० पद्धतींपैकी १६ त्यांना चालत होत्या. आक्षेप चारच साधनांवर होता. संबंधानंतर घ्यायच्या दोन गोळ्या आणि गर्भाशयात बसवायची दोन साधनं. फलित झालेलं बीज यांनी रुजू शकत नाही आणि ती भ्रूणहत्या आहे, अशी त्यांची श्रद्धा. नियम मोडला तर दंड माणशी दिवसाला १०० डॉलर, म्हणजे वर्षाकाठी सुमारे ४७.५ कोटी डॉलर. ३० जून २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल कुटुंबाच्या बाजूने दिला. आधार होता १९९३च्या धार्मिक स्वातंत्र्य पुनःस्थापना कायद्याचा. श्रद्धेवर मोठं ओझं टाकायचं असेल, तर कमी जाचाचा दुसरा मार्ग नाही हे सरकारने दाखवलं पाहिजे, असं तो सांगतो.

या निकालाने कंपन्यांना सूट दिली, असं सर्रास लिहिलं जातं. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अलिटो यांचा युक्तिवाद वेगळा होता. कमी जाचाचा मार्ग सरकारकडे तयारच आहे, धर्मादाय संस्थांना दिलेली सोयच या कंपन्यांना देता येईल, आणि तशी दिली तर कर्मचारी बायकांवर होणारा परिणाम अगदी शून्य असेल, असं त्यांनी लिहिलं. म्हणजे मालक जिंकला तो बाईचं काही जाणार नाही या गृहीतकावर. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी विरोधी मतात आकडा समोर ठेवला होता. किमान वेतनावरच्या बाईला अशा एका साधनाचा खर्च जवळजवळ महिनाभराच्या पगाराएवढा येतो.

पण चारच दिवसांत, ३ जुलैला, कोर्टाने व्हीटन कॉलेज या ख्रिस्ती कॉलेजला फॉर्म ७०० भरण्यापासूनही अंतरिम मोकळीक दिली. विमा कंपनीला कागद देऊ नका, सरकारला नुसतं कळवा. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी त्यावर कडक विरोधी मत लिहिलं. सोय पुरेशी आहे असं सोमवारी सांगायचं आणि गुरुवारी तिच्याच कागदावर स्थगिती द्यायची, हे मलाही न्याय्य वाटत नाही.

मग आल्या लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर. १८३९मध्ये फ्रान्समध्ये झान ज्यूगां यांनी सुरू केलेला हा संघ गरीब वृद्धांना सांभाळतो. या सिस्टर्सना गोळ्यांचे पैसे भरायला लावले, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की ते चूक आहे हे स्पष्ट सांगायला हवं. त्यांना सोय देऊ केली होती. त्यांची तक्रार सोयीवरच होती. आमची सही पडली की आमच्याच विम्याच्या चौकटीतून ते काम सुरू होतं, म्हणजे आम्ही त्या पापात भागीदार झालो, असं त्यांचं म्हणणं. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. स्वतः न केलेल्या कृत्याला हातभार लावायचा की नाही, हा प्रश्न कोणत्याही श्रद्धाळू माणसाला पडतो. गंमत अशी की त्यांचा विमा चर्चच्याच योजनेत होता, आणि तिथे कागद मिळाला तरी व्यवस्थापक कंपनीवर सक्ती करता येत नाही हे सरकारनेच मान्य केलं होतं. तरी सही करायला त्यांचं मन तयार झालं नाही.

त्या मनाचा मी आदर करते. पण त्यापुढे जाऊन माझी सही नको आणि तिला मिळायलाही नको, इथपर्यंत गोष्ट गेली की ती माझ्या श्रद्धेची राहत नाही, दुसऱ्याच्या आयुष्याची होते. संततिनियमनाच्या प्रचारापायी र. धों. कर्वे यांना मुंबईत मिशनरी कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली होती. पगार देणाऱ्याची श्रद्धा नोकराच्या आयुष्यात किती आत शिरते, हे मराठी माणसाला कोणी वेगळं सांगायला नको.

२०१६च्या मे महिन्यात, लिटल सिस्टर्सही ज्यात होत्या त्या झुबिक खटल्यात कोर्टाने निकालच दिला नाही, दोन्ही बाजूंनी तोडगा काढा म्हणून प्रकरणं खालच्या कोर्टांकडे परत पाठवली. ऑक्टोबर २०१७मध्ये ट्रम्प सरकारने नियम बदलले आणि पुढच्या वर्षी ते पक्के केले. धार्मिक आक्षेप असलेल्या जवळपास कोणत्याही खाजगी मालकाला, अगदी शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीलाही, थेट सूट. ज्यांचा आक्षेप धार्मिक नसून नैतिक आहे त्यांच्यासाठीही वेगळी सूट. आणि सोय मालकाच्या मर्जीवर. हवी तर घ्या, नको तर सोडा. ८ जुलै २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की असे नियम करायचा अधिकार सरकारला आहे. सरकारच्याच अंदाजाने ७०,५०० ते १,२६,४०० बायकांचं मोफत गर्भनिरोधन यात जाणार होतं, याची नोंद गिन्सबर्ग यांच्या विरोधी मतात आहे. २०१४ मधलं 'शून्य' सहा वर्षांत इथवर आलं, कारण मधल्या काळात सोय जाऊन तिच्या जागी सूट आली. बायडेन सरकारने २०२३मध्ये दुरुस्ती सुचवली आणि २०२४च्या डिसेंबरात मागे घेतली. ऑगस्ट २०२५मध्ये फिलाडेल्फियाच्या फेडरल कोर्टाने २०१८चे नियम मनमानी ठरवून रद्द केले.

तिथे राहणाऱ्या आपल्या मुलींना याचा प्रत्यक्ष उपयोग काय? कॅथलिक रुग्णालयात रेसिडेन्सी करत असाल किंवा नवऱ्याच्या नोकरीच्या विम्यावर असाल, तर बेनिफिट्स विभागाला दोनच प्रश्न विचारा. गर्भनिरोधकांबाबत आपल्या प्लॅनला सूट आहे की सोय? आणि प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का? दुसरा प्रश्न अशासाठी, की न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया यांसारख्या राज्यांचे स्वतःचे गर्भनिरोधक-विमा कायदे आहेत, पण नोकरीतून मिळणाऱ्या लाभांबद्दलच्या १९७४च्या एरिसा या केंद्रीय कायद्यामुळे ते सेल्फ-फंडेड प्लॅनना लागू होत नाहीत. सूट असेल तर टायटल टेन या कुटुंबनियोजनासाठीच्या सरकारी निधीवर चालणारं क्लिनिक शोधा, तिथे फी उत्पन्नाप्रमाणे ठरते. सोय असेल तर विमा कंपनीकडून किंवा प्लॅन सांभाळणाऱ्या कंपनीकडून वेगळी सूचना येते. तिच्यावर तुमच्या मालकाचं बोधचिन्ह नसलं तरी ती जाहिरात समजून टोपलीत टाकू नका. गोळ्या कुठून आणि कशा मोफत मिळवायच्या, ते तिच्यातच लिहिलेलं असतं.