कुरणांतील शेवाळ
चराऊ किंवा गवत कापण्यासाठी राखलेल्या जमिनीत गवताच्या बुडाशी मॉसवर्गीय शेवाळाचा थर धरणे व चारा विरळ होणे. या वनस्पतींना खरी मुळे नसतात. त्या मूलाभांनी (मुळांसारख्या बारीक तंतूंनी) जमिनीला धरून राहतात, पाणी बहुतांशी पानांच्या पृष्ठभागातूनच शोषतात आणि वाळल्यानंतरही ओल मिळताच पुन्हा हिरव्या होतात. सातारा जिल्ह्यात हा थर पावसाळ्यात महाबळेश्वर, जावळी व पाटण तालुक्यांत, विशेषतः सावलीच्या, पाणी तुंबणाऱ्या आणि गुरांनी तुडवलेल्या वरकस (हलक्या) जमिनीत दिसतो. कमी पावसाच्या माण-खटावच्या माळांवर तो प्रश्न सहसा उद्भवत नाही.

कारणाविषयी मतभेद आहेत. जुन्या मतानुसार मूळ दोष आम्लतेचा होय. घाटमाथ्यावरील जांभ्या मातीतून अतिपावसाने (महाबळेश्वर येथे वार्षिक सरासरी सुमारे ५,५०० ते ६,००० मिमी.) कॅल्शियम व मॅग्नेशियम निचरून जातात व ती आम्ल बनते, हे खरे; परंतु युरोपीय कुरणांत सर्रास आढळणारी ऱ्हिटिडिअडेल्फस स्क्वारोसस ही शेवाळाची जाती उदासीन मातीतही वाढते, तर काही जातींना चुनखडीयुक्त जमीनच मानवते. त्यामुळे शेवाळ गवताला हुसकावत नाही, तर अतिचराई, फार खालून कापणी, अन्नद्रव्यांची उणीव किंवा निचऱ्याचा अभाव यांमुळे गवताने सोडलेली जागा ते व्यापते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. भाजलेल्या उघड्या जमिनीवर फ्युनेरिया हायग्रोमेट्रिका ही शेवाळाची जाती लवकर उगवते, ही बाबही याच मताला पूरक आहे.

समशीतोष्ण देशांत शेवाळावर हिराकस (फेरस सल्फेट) वापरण्याची पद्धत बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किंवा त्यानंतर रूढ झाली असावी. हिराकशीने शेवाळ काही दिवसांत काळे पडते व मेलेला थर दाताळ्याने ओढून काढतात. मात्र कारण कायम राहिल्यास ते परत येते. चुन्याने शेवाळ मरत नाही, गवताला बळ मिळते. तो माती-परीक्षणानुसार, हिराकशीबरोबर न मिसळता, वेगळा घालतात. मोरचूद (कॉपर सल्फेट) टाळणे इष्ट, कारण मेंढ्यांना तांबे विशेष बाधते. चर खणून निचरा करणे, भर पावसात चराई थांबवणे, शेणखत घालणे आणि विरळ जागी मारवेल गवताची ठोंबे लावणे हे उपाय अधिक टिकाऊ आहेत.

हे सर्व चाऱ्याच्या जमिनीपुरते लागू आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या कास पठारावर अत्यंत पातळ मातीच्या थरात ड्रॉसेरा व सीतेची आसवे यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती वाढतात. तेथे चुना किंवा हिराकस वापरणे सर्वथा अनुचित होय.