पंच (इंग्रजी शब्द)

पंच : इंग्रजीत एकाच रीतीने लिहिले व उच्चारले जाणारे, परंतु मुळात वेगळे असलेले निदान तीन शब्द. छिद्र पाडणे वा ठोसा मारणे. मद्य, साखर, लिंबू इत्यादींचे मिश्र पेय. आणि बाहुल्यांच्या खेळातील कुबडा नायक, असे त्यांचे प्रमुख अर्थ आहेत. कोशकार त्यांना स्वतंत्र नोंदी देतात. पेयवाचक शब्दाचा संबंध भारताशी, विशेषतः त्याच्या पश्चिम किनाऱ्याशी जोडला जातो आणि त्याच्याच व्युत्पत्तीविषयी सर्वाधिक मतभेद आहेत. मराठीतील निवाडा करणारा ‘पंच’ संस्कृत संख्यावाचकापासून आला आहे. पेयनामाची भारतीय व्युत्पत्ती ग्राह्य मानल्यास तो त्याचा भाऊबंद ठरतो. ठोशाशी मात्र त्याचे काहीही नाते नाही.

ठोसा व छिद्र या अर्थांचे मूळ बरेचसे स्पष्ट आहे. लॅटिन ‘पुंगेरे’ म्हणजे टोचणे. त्यापासून जुन्या फ्रेंचमध्ये टोकदार हत्याराचे नाव झाले आणि चौदाव्या शतकाच्या सुमारास टोचणे, ढोसणे, गुरे हाकणे अशा अर्थांनी हे क्रियापद इंग्रजीत वावरू लागले. मुठीने मारणे हा अर्थ सोळाव्या शतकात दिसतो. ‘पंक्चर’ व ‘पॉइंट’ हे शब्द याच कुळातले. प्राचीन भारतीय आहत (ठसे उमटवलेल्या) नाण्यांचे ‘पंच-मार्क्ड’ हे इंग्रजी नाव, मुंबईच्या बसवाहकाच्या हातात पूर्वी असणारे, तिकिटाला छिद्र पाडताना टिकटिक वाजणारे यंत्र आणि कचेरीत हजेरीचे कार्ड ‘पंच करणे’ हा प्रयोग यांचेही मूळ हेच.

पेयवाचक शब्दाचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख ईस्ट इंडिया कंपनीच्या पत्रव्यवहारात, 1632 मधील एका पत्रात आढळतो. हे पत्र कोरोमंडल किनाऱ्यावरील पेटापोली येथील व्यापाऱ्याला लिहिलेले आहे. 1638 मध्ये सुरतेच्या इंग्रज वखारीत पाहुणा म्हणून राहिलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने ‘पालेपुंट्झ’ नावाच्या पेयाचा उल्लेख केला असून मद्यार्क, गुलाबपाणी, लिंबूवर्गीय फळाचा रस व साखर असे त्याचे घटक दिले आहेत. बुले ल गूझ या फ्रेंच प्रवाशाच्या 1653 मधील प्रवासवर्णनात ‘बोलपाँज’ येते. त्यात साखर, लिंबाचा रस, मद्यार्क, जायपत्री व भाजलेले बिस्किट आहे. ही दोन्ही नावे ‘पंचचा वाडगा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दसमूहाची परकीय कानांनी ऐकलेली रूपे असावीत, असे सामान्यतः मानतात.

व्युत्पत्तीचे सर्वांत प्रसिद्ध विधान जॉन फ्रायर या कंपनीच्या शल्यवैद्याचे आहे. फ्रायर 1672 ते 1681 या काळात भारत व इराणात होता आणि जुन्नरलाही जाऊन आला होता. त्याचा ग्रंथ 1698 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे नेरूल येथे उत्तम अरक (गाळलेले मद्य) निघतो. त्यापासून या किनाऱ्यावरील इंग्रज ‘पाँच’ नावाचे, शरीर खिळखिळे करणारे पेय बनवतात आणि पाच घटकांमुळे त्याला हे हिंदुस्थानी नाव पडले आहे. त्याच वाक्यात गोव्याच्या अरकाचा निर्देश असल्याने हे गोव्याच्या बार्देश भागातील नेरूल असावे. नवी मुंबईतील नेरूळ संभवत नाही. फ्रायर पुढे औषधिशास्त्रातील पाच द्रव्यांच्या ‘डायापेंटे’ आणि चार द्रव्यांच्या ‘डायाटेसरॉन’ या मिश्रणांचा दाखला देतो. म्हणजे चार घटकांचाही विचार त्याच्या मनात होता. पुढे यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (1886) या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाने फ्रायरचे मत उचलून धरले.

या मतावर दोन आक्षेप आहेत. पहिला स्वराचा. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात या इंग्रजी शब्दातील स्वर ‘उ’च्या जवळचा होता, आजचा ‘अ’सारखा उच्चार नंतर रूढ झाला. हिंदुस्थानी ‘पाँच’मधील दीर्घ ‘आ’ त्याच्याशी जुळत नाही आणि परकीय प्रवाशांच्या रूपांतही ‘उ’ किंवा ‘ओ’च येतो. दुसरा आक्षेप घटकांच्या संख्येचा, कारण ती सर्वत्र पाच भरत नाही. त्यामुळे काही अभ्यासक मोठ्या पिंपाच्या ‘पंचन’ या नावाचा हा संक्षेप असल्याचे सुचवतात. खलाशांना पिंपातून मद्य मिळत असल्याने ही कल्पना असंभाव्य नाही.

दुसरा आक्षेप फारसा टिकत नाही. संख्येवरून पडलेले नाव घटक बदलले तरी टिकून राहते. पूजेतील पंचामृत दूध, दही, तूप, मध व साखर यांचे असते, तर मराठी नैवेद्याच्या पानातील पंचामृत चिंच, गूळ, तीळ, शेंगदाणे, मिरची यांचे, नाव एकच. पहिला आक्षेप अधिक गंभीर आहे. मात्र सामासिक रूपांत भारतीय भाषांत ऱ्हस्व ‘पंच’ येते आणि ‘पाच’ या अर्थाचा फारसी ‘पंज’ही त्या काळी व्यापाऱ्यांच्या कानावरून जात असे, हे दीर्घ ‘आ’चा मुद्दा मांडताना विसरता येत नाही. शिवाय वर दिलेले सुरुवातीचे सर्व उल्लेख भारतातील इंग्रजांच्या वर्तुळातून आलेले आहेत. पिंपाचे मत मानल्यास हा भौगोलिक पुरावा योगायोग ठरवावा लागतो. म्हणून भारतीय मूळ सिद्ध झालेले नसले, तरी उपलब्ध मतांत तेच अधिक सयुक्तिक दिसते.

इंग्रजीतून हा शब्द जर्मन, फ्रेंच, डच, स्वीडिश इत्यादी भाषांत गेला. स्वीडनमध्ये तेथील ईस्ट इंडिया कंपनीच्या (स्थापना 1731) व्यापारातून आलेल्या अरकामुळे ‘पुन्श’ विशेष लोकप्रिय झाले. भारतातील बंदरांत खलाशांच्या मद्यगृहांना ‘पंच-हाउस’ म्हणत.

बाहुलीनाट्यातील पंच हे ‘पंचिनेल्लो’ या नावाचे संक्षिप्त रूप असून तो नेपल्सच्या विनोदी नाट्यातील ‘पुल्चिनेल्ला’चा इंग्रजी अवतार होय. इटालियन नाव कोंबडीच्या पिलाच्या नावावरून आले असावे, असा तर्क आहे. सॅम्युएल पीप्स या इंग्रज रोजनिशीकाराने 9 मे 1662 रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये इटालियन बाहुल्यांचा खेळ पाहिल्याचे रोजनिशीत नोंदवले आहे. 1669 मध्ये तोच लिहितो, की एका लठ्ठ मुलाला ‘पंच’ म्हणत होते आणि बुटक्या, जाड अशा कशालाही हा शब्द आता सर्रास लावतात. इंग्लंडच्या सफक परगण्यातील आखूड पायांच्या दणकट घोड्यांचे ‘सफक पंच’ हे नाव याच अर्थाशी जोडले जाते. लंडनमधील ‘पंच’ हे व्यंग्यसाप्ताहिक (1841) या बाहुलीच्या नावाने निघाले. त्याच्या धर्तीवर मुंबईत ‘पारसी पंच’ (1854), पुढे ‘हिंदी पंच’ आणि लखनौत उर्दू ‘अवध पंच’ (1877) ही नियतकालिके निघाली.