स्मार्ट वस्त्रे आणि अभियांत्रिक पदार्थ : डॉक्टरेट संशोधन

ताण, उष्णता, ओल, प्रकाश किंवा विद्युतदाब यांतला बदल ओळखून त्याला ठरावीक प्रतिसाद देणाऱ्या कापडाला स्मार्ट वस्त्र म्हणतात. हा गुण कधी तंतूच्या मूळ पदार्थातच असतो, तर कधी नेहमीच्या पदार्थाला वेगळी रचना देऊन तो मिळवला जातो. या विषयावरची पीएच.डी. वस्त्रतंत्र, पदार्थविज्ञान आणि इलेक्ट्रॉनिकी या तिन्ही शाखांत पाय रोवून करावी लागते. नवा धागा तयार करणे हा तिचा दर्शनी भाग. विणल्यावर, घामाने भिजल्यावर आणि धुतल्यावर धाग्याचा गुण टिकतो का, हे तपासण्यात प्रबंधाचा बराच काळ जातो, आणि मोलाचे निष्कर्ष बहुधा तिथेच हाती लागतात.

या क्षेत्राचा पाया वस्त्रोद्योगाबाहेर घातला गेला. निकेल आणि टायटॅनियम यांची नितिनॉल ही मिश्रधातू अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडली. वाकवलेली तार तापवली की ती पूर्वीचा आकार घेते. प्लॅस्टिकमधून वीज वाहू शकते हे १९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिअ‍ॅसिटिलीनवर दाखवले. २००० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले. कापडाकडे हे ज्ञान १९९० च्या दशकात वळले. जॉर्जिया टेक येथे सुंदरेसन जयरामन यांच्या गटाने सैनिकाची जखम आणि नाडी यांची माहिती देणारा विणलेला सदरा विकसित केला, तर एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये विद्युतवाहक धाग्याच्या भरतकामातून परिपथ (सर्किट) तयार झाले.

आज प्रबंधांत वारंवार दिसणारा विषय म्हणजे ताण मोजणारे विणलेले कापड. नायलॉनच्या धाग्यावर चांदीचा अतिशय पातळ थर देतात आणि त्याची लवचिक धाग्यासोबत फास-विणीची पट्टी करतात. पट्टी ताणली की शेजारचे फास एकमेकांना जिथे टेकतात ते बिंदू बदलतात आणि त्याबरोबर विद्युतरोधही बदलतो. गुडघ्याचे वाकणे किंवा छातीचा श्वासागणिक होणारा फुगवटा यावरून मोजता येतो. तत्त्व सोपे आहे, मोजणी मात्र चिवट. पट्टी सोडल्यावर रोध आला त्या वाटेने परतत नाही, कारण फासांमध्ये घर्षण असते आणि लवचिक धागा सावकाश सैलावतो. नवी पट्टी पहिल्या काही ओढींत एक वागणूक दाखवते आणि रुळल्यावर दुसरी. म्हणून ती ताणयंत्रात लावून हजारो वेळा ओढली जाते. स्पर्शबिंदूंचा रोध हिशेबात मिसळू नये यासाठी वीज सोडायला दोन आणि विद्युतदाब मोजायला दोन अशी चार टोके वापरतात. त्याआधी नमुना २० अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या खोलीत ठेवावा लागतो. नायलॉन हवेतली ओल शोषतो आणि तेवढ्यानेही आकडे सरकतात. खोलीची ही नोंद नसलेल्या आलेखावर विसंबू नये.

सर्वांत जास्त बिघाड होतो तो मऊ धागा कठीण परिपथाला भेटतो त्या जागी. नायलॉन सुमारे २२० ते २६० अंशांना वितळतो आणि शिसेविरहित डाखाचा (सोल्डरचा) वितळणबिंदूही याच टापूत येतो, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने डाख देता येत नाही. मग शिवण, दाबबटण किंवा विद्युतवाहक गोंद यांचा आधार घेतात. कापड वाकते, परिपथ वाकत नाही, आणि सगळा ताण त्या सीमारेषेवर साचून चांदीचा थर तडकतो किंवा धागाच तुटतो. कडकपणा एकदम न बदलता टप्प्याटप्प्याने वाढवणे, जोडावर सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनचे वेष्टन देणे, हे उपाय त्यासाठीच. एमआयटीत योएल फिंक यांच्या गटाने २०१८ मध्ये वेगळा मार्ग दाखवला: प्रकाश देणारे आणि ओळखणारे डायोड तापवून ओढलेल्या तंतूच्या पोटातच बसवले. त्यांचे कापड दहा धुण्यांनंतरही चालत होते.

अभियांत्रिक रचनांचे संशोधन मला या क्षेत्राचा सर्वांत सुंदर भाग वाटते, कारण तिथे वीज नसतानाही कापड प्रतिसाद देते. नेहमीचा धागा ताणला की बारीक होतो. ऑक्झेटिक धागा जाड होतो. जाड, लवचिक गाभ्याभोवती बारीक, ताठ धागा गुंडाळतात. ओढ बसली की ताठ धागा सरळ होऊ पाहतो आणि गाभ्याला मळसूत्रासारखे वळण घ्यायला लावतो, त्यामुळे एकूण व्यास वाढतो. असा गुण असलेला स्पंजासारखा फोम रॉडरिक लेक्स यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केला होता. २०१४ मध्ये डॅलस येथील टेक्सस विद्यापीठाच्या गटाने मासेमारीच्या नायलॉन दोरीला पीळ देऊन कृत्रिम स्नायू केले. तापवल्यावर ते आखडतात आणि तेवढ्याच लांबी-वजनाच्या मानवी स्नायूच्या शंभरपट भार उचलतात. त्यांची कार्यक्षमता सुमारे एक टक्काच आहे आणि थंड व्हायला वेळ लागतो, हेही प्रबंधात तितक्याच ठळकपणे यायला हवे.

थंडाव्याच्या बाबतीत स्टॅनफर्डचे २०१६ मधले काम महत्त्वाचे. माणसाचे शरीर साधारण साडेनऊ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक अवरक्त उष्णता सोडते. पॉलिएथिलीन ती आरपार जाऊ देते. त्यात अतिसूक्ष्म छिद्रे ठेवली की दृश्य प्रकाश विखुरतो आणि कापड पारदर्शक दिसत नाही. तापमानातला चढउतार सौम्य करायचा असेल तेव्हा पॅराफिनच्या सूक्ष्म कुप्या वापरतात: ऑक्टाडेकेन हा पॅराफिनचा प्रकार सुमारे २८ अंशांना वितळताना सुप्त उष्णता शोषतो आणि गोठताना परत देतो. हा परिणाम काही मिनिटांचाच असतो, त्यामुळे तो खोलीबाहेर पडताना किंवा आत येताना जाणवतो, दिवसभर नव्हे.

माणसांवर चाचणी करायची तर नीतिसमितीची परवानगी लागते. हृदयाचे विद्युतसंकेत टिपणाऱ्या कापडी इलेक्ट्रोडला कोरड्या त्वचेवर नीट संपर्क मिळत नाही. थोडा घाम आला की संकेत सुधारतो, आणि माणूस धावू लागला की कापड सरकून त्यात गोंधळ मिसळतो. नुसत्या बसलेल्या माणसावर घेतलेली नोंद म्हणूनच अपुरी ठरते.

धुलाईसाठी आयएसओ ६३३०, घासून झिजण्यासाठी मार्टिंडेल यंत्राची आयएसओ १२९४७ आणि अंगावर घालायच्या इलेक्ट्रॉनिक साधनांसाठी आयईसी ६३२०३ ही मानकमाला आहे. ‘पन्नास धुण्यांत टिकले’ असे लिहिताना तापमान, साबण, यंत्राचा प्रकार आणि वाळवण्याची पद्धत न दिल्यास दोन प्रबंधांची तुलनाच होऊ शकत नाही.

धुण्याच्या पाण्यातून सुटणारी चांदी जलचरांना घातक असते आणि धातू, प्लॅस्टिक व कापूस एकत्र विणलेले कापड पुनर्वापरासाठी वेगळे करणे अवघड जाते. बॅटरी आणि परिपथ सोडवता येतील असे जोड आखणे, चांदीऐवजी कार्बन किंवा विद्युतवाहक पॉलिमर वापरणे आणि त्यातून संवाहकता किती घटते हे मोजणे, हे प्रश्न आता प्रबंधाच्या पहिल्या आराखड्यातच घ्यावे लागतात.