जाउस्टिंग

दोन चिलखतधारी घोडेस्वारांनी समोरासमोरून भरधाव येत, काखेत दाबलेल्या लांब भाल्याने एकमेकांवर आघात करण्याचा मध्ययुगीन यूरोपीय मर्दानी खेळ. प्रतिस्पर्ध्याला खोगिरावरून खाली पाडणे, ते न जमल्यास निदान त्याच्या ढालीवर वा शिरस्त्राणावर आपला भाला मोडणे, हे खेळाडूचे उद्दिष्ट. ‘टूर्नामेंट’ या मोठ्या सोहळ्याचा तो मुळात एक गौण भाग होता. त्या सोहळ्यातील दोन जथ्यांची झुंज (मेले) पुढे मागे पडली आणि द्वंद्वाला मान मिळाला. फ्रान्स, इंग्लंड, नेदर्लंड्स, जर्मन व इटालियन राज्ये आणि आयबेरियन द्वीपकल्प ही त्याची प्रमुख क्षेत्रे.

उगमाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. झॉफ्रवा द प्रय्यी (मृ. १०६६) या फ्रेंच सरदाराने टूर्नामेंटचा शोध लावला आणि तो स्वतः आंझे येथे मारला गेला, अशी नोंद तूर येथील एका इतिवृत्तात आहे. ती तेराव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे घटनेनंतर सु. दीडशे वर्षांनी केलेली असल्याने तिच्यावर फारसे विसंबता येत नाही. कोणत्याही प्रथेला एक जनक चिकटवून देण्याची इतिवृत्तकारांची हौस लक्षात घेता, एवढेच म्हणता येते की अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर फ्रान्स व लगतच्या प्रदेशांत असे काही खेळ सुरू झाले असावेत. काही लेखक याहून मागे जाऊन निथार्ड या इतिहासकाराने वर्णिलेल्या ८४२ मधील घोडदळाच्या कवायतीकडे बोट दाखवतात. तीत पथके एकमेकांवर चाल करून येत व पळ काढल्याचे सोंग करत. मात्र ती सामूहिक कवायत होती, द्वंद्व नव्हते.

खरा वाद भाला धरण्याच्या पद्धतीचा आहे. रिकिबीमुळे स्वाराची मांड पक्की झाली, त्यामुळे घोड्याचा सारा वेग भाल्यात उतरू लागला आणि हे आठव्या शतकातच घडले, असा सिद्धांत लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने १९६२ मध्ये मांडला. बर्नार्ड बाकराक व इतरांनी तो खोडून काढण्याचा प्रयत्न केला. आठव्या शतकातील फ्रँकिश दफनांत रिकिबी विरळाच सापडतात, आणि काखेतल्या भाल्याचा स्पष्ट पुरावा त्यानंतर तीन शतके मिळत नाही. बायो येथील भरतकामाच्या पटावर (सु. १०७०–८०) नॉर्मन स्वारांपैकी काही भाला फेकताना, काही डोक्यावरून भोसकताना, तर थोडेच तो काखेत दाबून धरताना दिसतात. पद्धत बदलत असतानाचे हे चित्र मानता येईल. बाराव्या शतकाच्या मध्यास आना कोम्नीनी या बायझंटिन राजकन्येने घोड्यावरचा फ्रँक (पश्चिम यूरोपीय स्वार) बॅबिलनची तटबंदीही भेदून जाईल, असे लिहिले. तोवर ही पद्धत सार्वत्रिक झालेली होती. तांत्रिक दृष्ट्या पाहता, रिकीब स्वाराला डावी-उजवीकडे कलंडू देत नाही. समोरून बसणारा धक्का मात्र खोगिराचा उंच मागचा कठडा झेलतो. म्हणून केवळ रिकिबीला श्रेय देण्यापेक्षा खोगीर, रिकीब व भाला यांचा सु. ११०० च्या आसपास जमलेला मेळ हे स्पष्टीकरण अधिक पटते.

बाराव्या शतकात द्वंद्वाचे स्थान दुय्यम होते. मुख्य झुंजीच्या आधी तरुण स्वार आपली हौस त्यातून भागवत. झुंजीत पकडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडून घोडा, चिलखत व खंडणी मिळे, विल्यम मार्शल (सु. ११४६–१२१९) या इंग्रज सरदाराचा उत्कर्ष अशाच कमाईतून झाला. तेराव्या शतकात चित्र पालटले. उलरिख फॉन लिख्टेनश्टाइन हा ऑस्ट्रियन सरदार १२२७ मध्ये व्हीनस देवतेचा वेश करून व्हेनिसजवळून निघाला आणि वाटेत भेटेल त्याला आव्हान देत त्याने ३०७ भाले मोडले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. आत्मचरित्रातील आकडा म्हणूनच तो घ्यावा.

चर्चचा या खेळांना विरोध होता. ११३० च्या क्लेरमाँ परिषदेने त्यांवर बंदी घातली, अशा खेळात मरणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारले. ही बंदी बाविसावा जॉन या पोपने १३१६ मध्ये उठवली. राजांनी बंदीपेक्षा परवान्याचा मार्ग पत्करला. इंग्लंडच्या पहिल्या रिचर्डने ११९४ मध्ये पाच ठिकाणे नेमून देऊन सहभागी सरदारांकडून शुल्क घेण्यास सुरुवात केली.

लढतीचे दोन प्रकार असत : धारदार पात्याने ‘युद्धाची’ व बोथट टोकाने ‘शांततेची’. दुसऱ्या प्रकारात भाल्याला तीन वा अधिक बोंडांचा मुकुटासारखा टोप बसवत. तो ढालीवर पकड घेई, पण आत घुसत नसे. १३९० मध्ये कॅलेजवळ सँ-अँग्लव्हेर येथे बूसिको व त्याचे दोन साथीदार, असे तीन फ्रेंच सरदार तीस दिवस तळ ठोकून होते. तेथे टांगलेल्या युद्धाच्या किंवा शांततेच्या ढालीला स्पर्श करून आव्हानकर्ता आपला प्रकार निवडे.

साधनांतील सर्वांत महत्त्वाचा बदल चौदाव्या शतकाच्या अखेरीस झाला. काखेतला भाला आघातासरशी मागे सरकतो आणि झटका मनगटावर येतो. म्हणून छातीपटाच्या उजव्या अंगाला एक पोलादी आकडा बसवू लागले. भाल्यावर मुठीच्या मागे दातेरी कडे असे. भाला खाली येताच ते आकड्याला भिडे आणि धक्का हाताऐवजी सबंध छातीपटावर पसरे. भाल्याचे वजन पेलण्यासाठी हा आकडा होता, असे लोकप्रिय पुस्तकांत सांगितले जाते. तेवढी मदत होत असली, तरी त्याचे मुख्य काम भाल्याला मागे येऊ न देण्याचे होते. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात, बहुधा दक्षिण यूरोपात, मैदानाच्या मधोमध आडोसा आला : आधी दोरीवर टांगलेले कापड, मग फळ्यांचे कुंपण. दोन्ही स्वार तो आपल्या डाव्या हाताला ठेवत. उजव्या हातातला भाला घोड्याच्या मानेवरून तिरका डावीकडे नेत. यामुळे घोड्यांची टक्कर टळली, आघात तिरका होऊन भाला सहज मोडू लागला आणि चिलखताची डावी बाजू जाड होत गेली. बेडकाच्या तोंडासारख्या शिरस्त्राणातून पुढे झुकल्यावरच दिसे. ऐन क्षणी स्वार ताठ होई, म्हणजे भाला भिडताना तो जवळजवळ आंधळा असे. पोर्तुगालचा राजा दुआर्ते (कार. १४३३–३८) याने आपल्या अश्वविद्येवरील ग्रंथात नेम चुकण्याची कारणे तपासली आहेत, डोळे मिटणे आणि भीतीने अंग चोरणे यांबद्दल तो उघडपणे लिहितो. खेळाचे जर्मन चिलखत सु. ४० किग्रॅ. वा त्याहून जड, म्हणजे रणांगणावरील चिलखताच्या दुपटीजवळ जाई. तरीही स्वाराला यारीने उचलून घोड्यावर ठेवत, ही समजूत निराधार आहे.

गुणांकनाचे नियम वुस्टरचा अर्ल जॉन टिप्टॉफ्ट याने १४६६ मध्ये इंग्लंडसाठी लिहून काढले. घोड्यावर वार करणारा, पाठमोऱ्या वा निःशस्त्र प्रतिस्पर्ध्यावर प्रहार करणारा आणि तीनदा आडोशावर भाला आपटणारा बक्षिसास मुकत असे. आयताकृती चौकट आखून तीत उभ्या रेघोट्यांनी आघात व मोडलेले भाले टिपलेले काही कागद आजही उपलब्ध आहेत.

३० जून १५५९ रोजी पॅरिसच्या सँ-आंत्वान रस्त्यावर फ्रान्सचा दुसरा हेन्री गाब्रिएल द माँगोमरीशी लढताना जखमी झाला. मोडलेल्या भाल्याच्या कपच्या शिरस्त्राणाच्या फटीतून डोळ्याच्या वर घुसल्या. आंब्रवाझ पारे व व्हेसेलियस यांच्यासारखे वैद्य हजर असूनही तो १० जुलै रोजी मरण पावला. या घटनेने खेळ संपला, हे विधान वारंवार केले जाते. ते तपासून घ्यावे लागते. इंग्लंडमध्ये पहिल्या एलिझाबेथच्या राज्यारोहणदिनी (१७ नोव्हेंबर) होणाऱ्या लढती तिच्यानंतरही चालल्या, आणि दरबारी लढती १६२० च्या दशकापर्यंत टिकल्या. बंदुका, वाढता खर्च आणि दरबारांत आलेली हलक्या, शिकवलेल्या घोड्यांची आवड ही कारणे अधिक खोल वाटतात. भाल्याने टांगलेली कडी उचलणे व घोड्यांच्या रचनाबद्ध कवायती यांनी त्याची जागा घेतली.

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधील एग्लिंटन येथे ऑगस्ट १८३९ मध्ये पुनरुज्जीवनाचा मोठा घाट घातला गेला. मुसळधार पावसाने पहिल्याच दिवशी त्याचा चिखल केला. अमेरिकेतील मेरिलंड राज्याने १९६२ मध्ये जाउस्टिंग हा आपला अधिकृत राज्यक्रीडाप्रकार ठरवला. तेथे प्रत्यक्षात दौडत्या घोड्यावरून लहान कड्या भाल्यात ओवतात. क्रोएशियातील सिन्य येथे १७१५ मधील ऑटोमन वेढ्यावरच्या विजयाच्या स्मरणार्थ होणारा ‘आल्का’ हा कडी टिपण्याचाच खेळ असून युनेस्कोने २०१० मध्ये त्याला वारसायादीत घेतले. इटलीतील आरेत्सो येथे १९३१ पासून फिरत्या पुतळ्याच्या ढालीवर नेम धरला जातो. मराठेशाहीतील बोथाटी हा घोड्यावरून बोथट भाल्याने खेळायचा खेळ वरकरणी यांच्या जवळचा वाटतो. मात्र त्यात घोडा फिरवून वार चुकवण्याचे कसब मुख्य असून दोहोंत ऐतिहासिक नाते दिसत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून यूरोप, उत्तर अमेरिका व ऑस्ट्रेलियात प्रत्यक्ष आघाताच्या स्पर्धा पुन्हा होतात. बहुतेक ठिकाणी भाल्याचे टोक सहज तुटणाऱ्या बाल्सा लाकडाचे असते, काही संघ मात्र भरीव लाकडाचाच आग्रह धरतात. स्त्रियाही यात पुरुषांबरोबर उतरतात.